टोकियोचं वार्तापत्र : अठरा हार्ड डिस्क

जपानी कार्यालयात टेबलावरचा संगणक पुष्कळदा कंपनीच्या मालकीचा नसतोच. तो भाडेकरारावर आलेला असतो आणि मुदत संपली की लीज कंपनी तो परत नेते. त्यातले धडधाकट संगणक साफसूफ होऊन टोकियोतल्या अकिहाबारा या इलेक्ट्रॉनिक बाजारपेठेच्या दुकानांत विक्रीला येतात. उरलेल्यांची जबाबदारी कायद्याने ठरवली आहे. एप्रिल २००१ पासून कार्यालयांतले आणि ऑक्टोबर २००३ पासून घरांतले जुने संगणक परत घेणं उत्पादकावर बंधनकारक आहे.

अशा संगणकांतून सुटे केलेले सर्किट बोर्ड जिथे वितळवले जातात, त्यांपैकी एक ठिकाण म्हणजे अकिता प्रांतातलं कोसाका. इथली जुनी खाण १९९० साली बंद झाली. तिथल्या खनिजात तांबं, शिसं, जस्त, सोनं, चांदी असं सगळं एकमेकांत मिसळलेलं असायचं. ते वेगळं करण्याचं पिढ्यान्‌पिढ्या कमावलेलं कसब आज ई-कचऱ्याच्या कामी येतं. खाण संपली तरी गावाची विद्या वाया गेली नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. ई-कचऱ्यातल्या धातूंपासून बनवायच्या टोकियो ऑलिंपिकच्या पदकांसाठी २०१७ ते २०१९ या काळात देशभरातून जवळपास ७९ हजार टन जुनी उपकरणं जमली आणि त्यांतून सुमारे ३२ किलो सोनं निघालं.

धातूचा हिशेब असा चोख लागतो. माहितीचा मात्र लागला नव्हता. डिसेंबर २०१९ मध्ये कानागावा प्रांत सरकारच्या सर्व्हरमधल्या अठरा हार्ड डिस्क ऑनलाइन लिलावात विकल्या गेल्याचं उघड झालं. प्रांताने सर्व्हर लीज कंपनीला परत केले, तिने ते विल्हेवाटीसाठी दुसऱ्या कंपनीकडे सोपवले आणि तिथल्याच एका कर्मचाऱ्याने नष्ट व्हायच्या आधी डिस्क चोरल्या. परत करण्यापूर्वी त्या फॉरमॅट केल्या होत्या. पण एका ग्राहकाने साध्या सॉफ्टवेअरने मजकूर पुन्हा वर काढला, तर त्यात लोकांच्या कराची कागदपत्रं! त्याने ती दडवली नाहीत, म्हणून प्रकरण बाहेर आलं. अठराही डिस्क पुढे परत मिळाल्या.

केंद्रीय गृहव्यवहार मंत्रालयाने लगेच स्थानिक सरकारांना कळवलं : नागरिकांची महत्त्वाची माहिती असलेल्या डिस्क प्रत्यक्ष फोडा किंवा चुंबकीय पद्धतीने निकामी करा आणि आपला कर्मचारी समोर उभा करा. यात चालू स्थितीतल्या डिस्कही निकामी होतात, पुनर्वापराच्या दृष्टीने हे नुकसानच. तरीही मला हा निर्णय योग्य वाटतो. करदात्याने आपली माहिती सरकारला दिलेली असते, भंगारवाल्याला नव्हे.