दावणीवरचे स्वभाव : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेस, मांजरा नदी महाराष्ट्र आणि तेलंगणा यांच्यामधील हद्द आखीत गोदावरीच्या संगमाकडे जाते त्या परिसरातील बिलोली तालुक्यापासून पश्चिमेस कंधार, लोहा आणि पुढे लातूरकडच्या उदगीर-देवणीपर्यंत पसरलेल्या मुलुखात शेतकऱ्याचे घर आणि गुरांचा गोठा यांच्यामध्ये पिढ्यान्‌पिढ्या एका भिंतीचेच काय ते अंतर होते. लालकंधारी आणि देवणी या दोन नामांकित गोवंशांची ही जन्मभूमी होय. कोणती गाय परक्या हाताला पान्हा सोडीत नाही, कोणता बैल जोडीदारावाचून पाण्याला तोंड लावीत नाही, कोणती म्हैस रागाने नव्हे तर भीतीने लाथ झाडते, हे ज्ञान त्या घरातील शाळकरी मुलालाही सहज अवगत असे.

आज नांगरणी-पेरणीचा पुष्कळसा भार ट्रॅक्टरने उचलला आहे; अवर्षणाच्या वर्षी कडब्याची गंज संपली की भाकड गाय आणि थकलेला बैल सांभाळणे अल्पभूधारकाला परवडत नाही; आणि मग अशी जनावरे गोशाळेत किंवा पांजरपोळात जातात. काही जनावरे तेथे याहून निराळ्या वाटेने पोहोचतात. बेकायदा किंवा निर्दय वाहतुकीच्या गुन्ह्यात जप्त झालेले जनावर कायद्याच्या लेखी ‘मुद्देमाल’ असते, आणि खटला चालू असताना त्याची देखभाल कशी व्हावी याचे केंद्र शासनाचे नियम २०१७ सालापासून अमलात आहेत. पंचनाम्यात त्या जनावराचा रंग, शिंगांची ठेवण आणि अंदाजे वय लिहिले जाते. कानात १२ आकडी बिल्ला ठोकला जातो. परंतु ते जनावर कोणाला भिते, कोणाजवळ निर्धास्तपणे बसते, कोणत्या आवाजाने बिथरते, याची नोंद कोठेही होत नाही. जे दप्तरात नाही ते अस्तित्वातच नाही असे मानण्याची सवय जडली की अनेक गैरसमज रूढ होतात. त्यांतील काहींचा येथे क्रमाने विचार करावयाचा आहे.

गैरसमज पहिला : गुरांना वंशाचा गुण असतो, व्यक्तीचा स्वभाव नसतो.

वस्तुस्थिती : वंशाचा गुण खोटा नाही. लालकंधारी गाय उन्हाला आणि निकस चाऱ्याला टिकाव धरते, देवणी बैल शांतपणे ओढकाम करतो, हे अनुभवसिद्ध आहे. तथापि वंश जे सांगतो ते सरासरीचे अनुमान असते. देवणीमध्ये वानेरा, बाळंक्या आणि शेवेरा असे जे तीन प्रकार मानतात ते अंगावरील आणि तोंडावरील काळ्या-पांढऱ्या रंगाच्या मांडणीवरून. स्वभावाची वाटणी त्या रंगांनुसार झालेली नाही. उदगीर तालुक्यातील हाळी-हंडरगुळीच्या प्रसिद्ध बाजारात जाणता गिऱ्हाईक बैलाचा रंग, शिंगे आणि दात पाहून झाल्यावरही त्याला चालवून पाहतो, पाठीवरून हात फिरवतो, जुवाखाली मान देतो की नाही ते तपासतो, याचे कारण एकाच वंशाचे, एकाच वयाचे दोन बैल दोन वृत्तींचे निघतात हे त्याला पुरेपूर माहीत असते.

शास्त्राचा निर्वाळाही याहून वेगळा नाही. वेगवेगळ्या प्रसंगी आणि वेगवेगळ्या काळी टिकून राहणारा, एका प्राण्याला दुसऱ्यापासून वेगळा ठरविणारा वागणुकीतील फरक म्हणजे त्या प्राण्याचे व्यक्तिमत्त्व, अशी प्राणिवर्तनशास्त्राची व्याख्या आहे. सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी १३ कालवडींच्या हंबरण्याचा अभ्यास करून २०१९ साली असे दाखविले की प्रत्येकीचा आवाज स्वतंत्रपणे ओळखता येतो आणि चारा मिळण्याच्या आनंदात काय किंवा सोबतिणींपासून तुटल्याच्या व्याकुळतेत काय, ही ओळख कायम राहते.

गैरसमज दुसरा : कपाळावरील भोवरा जनावराचे शुभाशुभ सांगतो.

वस्तुस्थिती : भोवरे पाहून जनावर घेण्याची आपल्याकडील रीत जुनी आहे, आणि एखाद्या भोवऱ्यापायी निरोगी, गुणी जनावर कवडीमोलाने विकले जाते हेही खरे आहे. अमेरिकेतील पशुवर्तनतज्ज्ञ टेंपल ग्रँडिन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९५ साली असे नोंदविले की ज्या गुरांच्या कपाळावरील भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर होता ती गुरे, बंदिस्त केली असता, भोवरा खाली असलेल्या गुरांपेक्षा अधिक अस्वस्थ होत. तेव्हा भोवरा आणि मनोवृत्ती यांच्यात काही संबंध असू शकतो. पण तो कलाचा संबंध आहे, विधिलिखिताचा नव्हे, आणि मालकाच्या भाग्याशी तर त्याचे कसलेच नाते नाही. बुजऱ्या जनावराला अधिक सावकाशपणे हाताळावे एवढाच बोध त्यातून घेता येईल.

गैरसमज तिसरा : मारके जनावर जन्मतःच मारके असते.

वस्तुस्थिती : धीटपणा किंवा भित्रेपणा काही अंशी आनुवंशिक असतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु गाय-बैल हे मुळात शिकार होणाऱ्या प्राण्यांच्या कुळातील असल्यामुळे त्यांच्या आक्रमणाच्या मुळाशी बहुधा भय असते. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्यांना सभोवारचे जवळजवळ सर्व दिसते. दिसत नाही ते ठीक पाठीमागचे, आणि तेथूनच कोणी अचानक आला तर लाथ बसते. जुवाने सोललेला खांदा, खुरातील जखम, कासेला झालेला दाह, वेसणीला बसलेला क्रूर हिसका, यांपैकी एखादे दुःख ज्याच्या वाट्याला आले तो बैल जवळ येणाऱ्या हाताची धास्ती घेतो. आणि त्या धास्तीलाच आपण ‘मारकेपणा’ असे नाव देऊन मोकळे होतो.

अशी धास्ती कायमची असते काय? या प्रश्नाचे एक उत्तर इंग्लंडमधील केंट परगण्यात, शेळ्यांसाठीच चालविल्या जाणाऱ्या ‘बटरकप्स’ नावाच्या आश्रयस्थानात मिळाले. एलोडी ब्रीफर आणि ॲलन मॅकएलिगॉट यांनी तेथील शेळ्यांना प्रथम असे शिकविले की एका बोळाच्या टोकाला खाद्य असते आणि दुसऱ्या बोळात नसते. नंतर त्या दोहोंच्या मधले अनोळखी बोळ उघडून कोणती शेळी किती उत्सुकतेने आत शिरते हे त्यांनी मोजले. पूर्वायुष्यात उपेक्षा आणि हाल सोसलेल्या शेळ्या आश्रयस्थानात दीर्घकाळ सुखाने राहिल्यावर इतरांहून अधिक निराश आढळल्या नाहीत. उलट त्यांतील माद्या, ज्यांना असे हाल कधीच सोसावे लागले नव्हते अशा माद्यांपेक्षाही आशावादी दिसल्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचे तात्पर्य असे, की भोगलेले दुःख पुसता येत नसले तरी विश्वासाची पुनःस्थापना होऊ शकते, आणि ‘हे असेच राहायचे’ हा निकाल आपण फार घाईने देतो.

गैरसमज चौथा : शेळ्या, मेंढ्या आणि कोंबड्या म्हणजे बुद्धिहीन समुदाय.

वस्तुस्थिती : ‘मेंढरासारखे वागणे’ हा वाक्प्रचार मेंढरावर अन्याय करणारा आहे. केंब्रिजजवळील बाब्राहम संस्थेत कीथ केंड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली सिद्ध केले की मेंढी ५० निरनिराळ्या मेंढ्यांचे चेहरे ओळखते आणि दोन वर्षांहून अधिक काळ ध्यानात ठेवते. शेळीची चिकित्सक वृत्ती तर उस्मानाबादी शेळी पाळणाऱ्या प्रत्येक घराला परिचित आहे. बटरकप्समधील प्रयोगात शेळ्यांपुढे एक पेटी ठेवली होती. आधी दोरी ओढावयाची, मग तरफ उचलावयाची, तेव्हा खाद्य हाती लागावयाचे. १२ पैकी ९ शेळ्यांनी ही युक्ती आत्मसात केली आणि दहा महिन्यांनंतरही ती त्यांच्या स्मरणात होती. पेटी मुळीच उघडेना तेव्हा शेळ्या समोरच्या माणसाकडे साहाय्याच्या अपेक्षेने पाहतात, असे २०१६ साली, तर रागावलेल्या चेहऱ्यापेक्षा हसऱ्या चेहऱ्याच्या चित्राकडे त्या अधिक वळतात, असे २०१८ साली आढळले.

कोंबड्यांविषयी सांगावयाचे तर, थोरलायफ शेल्डरुप-एब्बे या नॉर्वेजियन अभ्यासकाने लहानपणापासून घरच्या कोंबड्यांचे निरीक्षण करून १९२०च्या दशकाच्या आरंभी त्यांच्यातील ज्येष्ठ-कनिष्ठतेचा क्रम जगापुढे मांडला. कोणी कोणाला टोचावे आणि कोणी कोणापुढे सरकून जागा द्यावी हे खुराड्यात ठरलेले असते. आणि असा क्रम टिकावयाचा तर प्रत्येक कोंबडीने दुसरीला व्यक्तिशः ओळखणे अपरिहार्य असते.

गैरसमज पाचवा : गाढव मूर्ख आणि हट्टी असते.

वस्तुस्थिती : लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे आणि उंट यांच्याबरोबर गाढवांचाही मोठा बाजार भरतो, आणि ज्यांची उपजीविका या प्राण्यावर चालली त्यांना त्याची योग्यता कोणी सांगावयास नको. गाढवाचे पूर्वज आफ्रिकेच्या ईशान्य भागातील शुष्क, खडकाळ प्रदेशातले. मोकळ्या मैदानावरील घोडा संकट दिसताच पळ काढतो. गाढव मात्र जागीच थबकते, परिस्थिती निरखते आणि पाऊल टाकणे निर्धोक आहे अशी खात्री पटली तरच पुढे सरते. या सावधगिरीला हट्ट समजून त्याच्या पाठीवर काठी चालविली की त्याची शंका दृढ होते आणि ते अधिकच खिळून राहते. गाढवाची आपल्या जोडीदारावरील माया विलक्षण असते. जोडीतले एक गेले तर दुसरे खाणेपिणे टाकते, म्हणून आश्रयस्थानात अशा जोड्या फोडू नयेत.

गैरसमज सहावा : भाकड जनावराला चारापाणी मिळाले म्हणजे सर्व मिळाले.

वस्तुस्थिती : चारापाणी हा पालनाचा आरंभ आहे, आणि दुष्काळी मुलखात तेवढी सोय करणे हेच किती दुष्कर असते हे २०१२-१३च्या अवर्षणात चारा छावण्यांतून ज्यांनी महिनेच्या महिने काढले त्यांना विचारावे. शेजारच्या बीड जिल्ह्यात शब्बीर सय्यद यांनी अशाच टंचाईशी झगडत शंभराहून अधिक गुरांचा सांभाळ केला, ज्या सेवेबद्दल २०१९ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली.

परंतु गव्हाण भरलेली असूनही जनावर खंगत जाते असा अनुभव येतो, त्याचे कारण अनेकदा सोबतीच्या अभावात असते. इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टन येथे क्रिस्टा मॅक्लेनन यांनी २०११च्या सुमारास केलेल्या अभ्यासात, आवडत्या सोबतिणीजवळ ठेवलेल्या गायीच्या हृदयाचे ठोके अनोळखी गायीजवळ ठेवलेल्या गायीपेक्षा संथ राहतात असे दिसून आले. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण रचणाऱ्याने शेजाराचा परिणाम नेमका हेरला होता. म्हणून नव्याने आलेले जनावर एकदम मोठ्या कळपात लोटण्याऐवजी आधी एखाद्या शांत, वयस्क गायीच्या शेजारी बांधावे, आणि वर्षानुवर्षे एका जुवाखाली चाललेली बैलजोडी आश्रयालाही जोडीनेच ठेवावी.

नावाचेही असेच आहे. न्यूकॅसल विद्यापीठाच्या कॅथरीन बर्टनशॉ आणि पीटर रोलिन्सन यांनी ५१६ दुग्धव्यावसायिकांकडून माहिती गोळा करून २००९ साली प्रसिद्ध केले की जेथे गायींना नावाने हाक मारली जाते तेथे दर गायीमागे वर्षाला २५८ लिटर दूध अधिक मिळते. नावात मंत्रशक्ती नाही. जो मालक नाव ठेवतो तो त्या एका गायीकडे निरखून पाहत असतो, आणि फरक पडतो तो त्या पाहण्याने. हरणी, कपिला, चांदी अशी नावे ठेवून पोळ्याला बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावणारा आपला शेतकरी हे फार पूर्वीपासून करीत आला आहे.

गैरसमज सातवा : प्राण्यांना स्वभाव आहे असे म्हणणे म्हणजे भाबडेपणा.

वस्तुस्थिती : माणसाच्या भावना प्राण्यावर सरसकट लादणे चुकीचे आहे, यात शंका नाही, आणि ती चूक श्रद्धाळू माणसाच्या हातूनही घडते. प्रत्येक गाय म्हणजे मूर्तिमंत वात्सल्य असे एकदा ठरविले, की व्यायल्यावर वासराला जवळ न घेणारी गाय, गव्हाणीवर दुसरीला शिंग दाखविणारी गाय, एकांत पसंत करणारी गाय, यांना आपल्या दृष्टीत स्थानच उरत नाही. गाय हे निव्वळ दुधाचे साधन आहे असे मानणारा आणि गाय ही केवळ पूज्य प्रतिमा आहे असे मानणारा, दोघेही समोर उभ्या असलेल्या त्या विशिष्ट गायीला पाहावयाचे राहून जातात.

यावरील उपाय निरीक्षणाचा आहे. नवी वस्तू समोर ठेवली असता कोण पुढे येते, परका माणूस किती अंतरावर आला की कोण उठते, कोण कोणाला चाटते, हे एकदा नव्हे तर अनेक वेळा, निरनिराळ्या दिवशी पाहावे आणि उत्तरे तीच येतात काय हे पडताळावे. प्राण्यांच्या जाणिवेचा स्वीकार ही आता भाबड्यांची मक्तेदारी राहिलेली नाही. केंब्रिज येथे ७ जुलै २०१२ रोजी मज्जाशास्त्रज्ञांनी एकत्र येऊन केलेल्या जाहीरनाम्यात, जाणिवेला आधारभूत असणारी मज्जारचना सर्व सस्तन प्राण्यांत आणि पक्ष्यांत आढळते, असे निःसंदिग्धपणे म्हटले आहे.

पांजरपोळाची परंपरा आपल्याकडे नवी नाही. मुंबईचा पांजरपोळ १८३४ सालचा आहे, आणि उपयोग संपलेल्या जनावरालाही जगण्याचा हक्क आहे हे तत्त्व अशा संस्थांनी कायदे होण्याच्या कितीतरी आधी आचरणात आणले. दूध, ओढकाम आणि वेत यांचा हिशेब जेथे संपतो तेथेच प्राण्याचा स्वभाव स्वच्छपणे दिसू लागतो, म्हणून आश्रयस्थान ही त्या स्वभावाच्या अभ्यासाची उत्तम जागा आहे. प्रत्येक गोशाळेच्या नोंदवहीत रंग आणि वय यांच्या पुढे आणखी एक रकाना असावा: हे जनावर कशाला भिते, कोणाजवळ रमते, कोणत्या नावाला कान टवकारते. जनावर हवाली करताना मालकाने एवढी माहिती दाखल्यासोबत द्यावी आणि व्यवस्थापकाने ती आवर्जून मागून घ्यावी. या नोंदीला खर्च नाही, यंत्र नाही, सरकारी मंजुरीही लागत नाही; लागते ती, बिलोलीपासून देवणीपर्यंतच्या गोठ्यांत आजही वृद्ध माणसांपाशी शिल्लक असलेली, प्रत्येक जनावराला वेगळे ओळखण्याची दृष्टी. ती माणसे आहेत तोवरच ती दृष्टी आणि ते ज्ञान लिहून घेतले पाहिजे.