पडदा निवडताना डोळ्याला विचारा

दुकानाच्या भिंतीवर पाच-सहा दूरचित्रवाणी संच शेजारी शेजारी लावलेले असतात. त्यांतला सर्वांत झगझगीत दिसणारा संच आपण पसंत करतो. घरी आणून रात्री दिवे मालवून चित्रपट लावला, की मात्र काळोखाची दृश्ये काळी न दिसता राखाडी दिसतात. असे का होते? उत्तर शोधण्यासाठी आपण थोड्या जुन्या काळातले एक उदाहरण घेऊ.

इ.स. २००० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील अनेक हौशी मंडळी घरातच छोटे चित्रपटगृह थाटत होती. त्यांतल्या काहींनी घरगुती संच सोडून विमानतळ, कार्यालये, दुकाने यांच्यासाठी बनवलेला व्यावसायिक प्लाझ्मा पडदा निवडला. पॅनासोनिकचे ४२ इंची पडदे यासाठी घेतले जात. अशा पडद्यात दूरचित्रवाणीच्या वाहिन्या पकडणारा ट्यूनर नसे आणि स्पीकरही नसत. ज्याच्या घरी वेगळे स्पीकर आणि डीव्हीडी प्लेअर होते, त्याला या दोन्ही गोष्टी नकोच होत्या. जे वापरायचे नाही त्याचे पैसे कशाला मोजायचे, असा हा सरळ हिशेब होता.

पण प्लाझ्माच का? त्यासाठी पडद्याच्या आत डोकावू. हा पडदा १९६४ साली इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी शोधला. संगणकाच्या मदतीने शिकवण्याच्या 'प्लेटो' प्रकल्पासाठी त्यांना तो हवा होता. म्हणजे करमणुकीच्या या साधनाचा जन्म शिक्षणासाठी झाला! रंगीत पडद्यात दोन काचांमध्ये लाखो सूक्ष्म कप्पे असतात आणि त्यांत निऑन व झेनॉन हे वायू भरलेले असतात. विद्युतदाब दिला की वायूचे आयनीभवन होते, म्हणजेच प्लाझ्मा तयार होतो. त्यातून अतिनील किरण निघतात. ते कप्प्यातील फॉस्फर नावाच्या भुकटीच्या लेपावर पडले, की लाल, हिरवा किंवा निळा प्रकाश दिसतो. (फॉस्फरस या मूलद्रव्याशी याची गल्लत करू नये.) आपल्या ओळखीच्या ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याची वाफ असते, पण तत्त्व हेच.

प्रत्येक कप्पा स्वतंत्रपणे पेटतो, हे यातले मर्म आहे. चित्रात जिथे काळोख, तिथला कप्पा जवळजवळ विझलेला. त्या काळच्या एलसीडी पडद्यात मात्र मागचा दिवा सतत चालू असे आणि द्रवस्फटिकांनी तो प्रकाश अडवावा लागे. थोडा प्रकाश झिरपतोच. दुकानाच्या लखलखाटात ही गळती कळत नाही, उलट मागच्या प्रखर दिव्यामुळे एलसीडीच उठून दिसतो. अंधाऱ्या खोलीत निकाल उलटा लागतो. म्हणून पहिला प्रश्न असा: पडदा पाहणार कोणत्या उजेडात?

दुसरा प्रश्न अंतराचा. ४२ इंची पडदे दोन प्रकारचे मिळत. एकात ८५२ × ४८० चित्रबिंदू असत, तर दुसऱ्या, महागड्या पडद्यात १०२४ × ७६८. जास्त बिंदू म्हणजे चांगले चित्र, असे कोणीही म्हणेल. पण डोळ्यालाही मर्यादा आहे. १ अंशाच्या कोनाचे ६० भाग केले की एक भाग म्हणजे १ मिनिट. निरोगी डोळ्याला साधारण १ मिनिटापेक्षा लहान कोनातील तपशील वेगळा ओळखता येत नाही. १ मिलिमीटरचे अंतर ३.४४ मीटरवरून एवढाच कोन करते.

हे वर्गात करून पाहता येईल. पांढऱ्या कागदावर १ मिलिमीटर जाडीच्या काळ्या रेघा १ मिलिमीटर अंतर सोडून काढा. कागद चांगल्या उजेडात भिंतीवर लावा आणि विद्यार्थ्यांना एकेक पाऊल मागे जाऊ द्या. रेघा मिसळून राखाडी पट्टा दिसू लागला की अंतर मोजा. प्रत्येकाचे उत्तर थोडे वेगळे येईल. एखाद्याला फारच जवळून रेघा मिसळलेल्या दिसल्या, तर त्याचे डोळे तपासून घ्यायला सांगा.

आता हिशेब करू. ४२ इंची पडदा सुमारे ९३ सेंटिमीटर रुंद आणि ५२ सेंटिमीटर उंच असतो. ८५२ बिंदूंच्या पडद्यात एक बिंदू सुमारे १.०९ मिलिमीटर रुंद. म्हणजे पावणेचार मीटरपलीकडे बसणाऱ्याला तो सुटा दिसणारच नाही. शिवाय अमेरिकेतील डीव्हीडीच्या चित्रात ४८० ओळीच असत. चार मीटरवर बसून डीव्हीडी पाहणाऱ्याने महागडा पडदा घेतला, तर जादा पैसे त्याच्या डोळ्यापर्यंत पोचतच नव्हते. अडीच मीटरवर बसणाऱ्याला मात्र फरक दिसला असता.

जुना व्यावसायिक पडदा घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहायची असे. एकच स्थिर चित्र महिनोन्‌महिने दाखवले, की तिथला फॉस्फर जास्त झिजतो आणि त्या चित्राचा पुसट ठसा कायम राहतो. पडदाभर पांढरा रंग लावला की तो लगेच उघड होई.

प्लाझ्माचे दिवस आता संपले. पॅनासोनिकने २०१३च्या अखेरीस, तर सॅमसंग व एलजीने २०१४ साली हे पडदे बनवणे थांबवले. हिशेब मात्र तोच आहे. शाळेसाठी ५५ इंची पडदा घेताना १९२० बिंदूंचा घ्यावा की ३८४० बिंदूंचा, हा प्रश्न पडतो. पहिल्यात एक बिंदू सुमारे ०.६३ मिलिमीटरचा असतो. २.२ मीटरपलीकडे बसणाऱ्या मुलाला तो वेगळा दिसत नाही. मग आणखी बारीक बिंदू त्याच्या काय कामाचे? सहा मीटरवरच्या शेवटच्या बाकावर जेमतेम वाचता येणारे अक्षर सुमारे ९ मिलिमीटर उंचीचे असते. सहज वाचता यावे म्हणून ते निदान दुप्पट हवे. अशा वर्गात पैसे बिंदूंवर घालण्याऐवजी मोठ्या पडद्यावर घालावेत. तेही शक्य नसेल, तर अक्षरे मोठी करावीत. त्याला तर काहीच खर्च नाही.

खोक्यावरचे आकडे वाचण्याआधी शिक्षकांनी मोजपट्टी घेऊन वर्गाची लांबी मोजावी आणि एकदा शेवटच्या बाकावर बसून पाहावे, असे आम्ही सुचवतो.