पथ्याचे उगमस्थान : शेतकरी बाजार आणि भागीदारीची शेती

रुग्णास पथ्यापथ्य लिहून देताना आपण द्रव्याचे नाव लिहितो. ते कोठे पिकले, केव्हा तोडले गेले आणि किती दिवसांनी स्वयंपाकघरात पोहोचले, याची चौकशी क्वचितच करतो. वास्तविक चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आहारविधीची जी आठ विशेष आयतने सांगितली, त्यांत ‘देश’ हे एक आहे. आणि तेथे देश या संज्ञेत द्रव्याची उत्पत्ती, त्याचा प्रचार व देशसात्म्य या तिन्ही गोष्टी येतात. सूत्रस्थानातील अन्नपानविधी अध्यायात जुने, कच्चे, किडीने वा हिम-उन्हाने बिघडलेले फळ जसे निषिद्ध मानले, तसेच ‘अदेशाकालज’ फळही. शीतगृहांच्या कृपेने सर्व काही बाराही महिने मिळणाऱ्या शहरात हा शब्द रुग्णाच्या गळी उतरविणे अवघड झाले आहे. ऋतुचर्येचा तक्ता दवाखान्याच्या भिंतीवर राहतो आणि ताटात मात्र ऋतू उरत नाही.

हे काम उपदेशाने होत नसेल, तर खरेदीच्या व्यवस्थेने होऊ शकते, असे आमचे मत आहे. जपानमध्ये 1970 च्या दशकात ‘तेइकेई’ नावाने शेतकरी व ग्राहक कुटुंबे यांच्यात थेट संबंध जुळू लागले. या चळवळीची दहा तत्त्वे 1978 मध्ये मांडली गेली. त्यांतील एक आम्हांस फार मोलाचे वाटते : काय पिकवायचे हे दोघांनी मिळून आधी ठरवावे आणि त्याप्रमाणे जे पिकेल ते सर्व ग्राहकाने स्वीकारावे. अमेरिकेत 1986 मध्ये मॅसॅच्युसेट्स व न्यू हॅम्पशायर या राज्यांत अशाच प्रकारची शेती सुरू झाली. हंगामाच्या आरंभी ग्राहक आपल्या वाट्याची रक्कम भरतो. पीक उत्तम आले तर टोपली भरून येते, गारपीट झाली तर ती हलकी येते. ज्या कुटुंबाने असा वाटा घेतला, त्याला भाद्रपदात दोडका-भोपळा आणि पौषात चाकवत-मेथी खावीच लागते. ऋतुचर्या सांगणाऱ्या वैद्यास याहून अधिक काय हवे?

मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. घरपोच टोपली देणाऱ्या सर्वच सेवा भागीदारीच्या नसतात. तोट्यात ग्राहकाचा वाटा नसेल, तर ती केवळ नियमित विक्री होय. ती वाईट नव्हे. परंतु मृगाच्या आधी बी-बियाण्यासाठी पैसा लागतो तेव्हा शेतकऱ्यास सावकाराच्या दारी जावे लागते की नाही, हा कळीचा प्रश्न तिने सुटत नाही.

आपल्या देशात थेट विक्रीचे प्रयोग जुने आहेत. पंजाबात 1987 मध्ये ‘अपनी मंडी’ आणि आंध्रात 1999 मध्ये ‘रयतु बाजार’ सुरू झाले. महाराष्ट्रात 2016 मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळला गेला आणि त्याच वर्षी संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार भरू लागले. अशा बाजारातही व्यापाऱ्याचा माल शेतकऱ्याच्या नावाने विकला जाऊ शकतो. साधी खूण अशी, की ज्याच्यापुढे वीस प्रकारच्या भाज्या आहेत आणि त्या वर्षभर बदलत नाहीत, तो बहुधा पिकविणारा नव्हे.

आम्हांस मात्र या साऱ्यांहून पावसाळ्यातील रस्त्याकडेचा बाजार अधिक शिकविणारा वाटतो. पालघर, ठाणे व रायगड जिल्ह्यांतील आदिवासी स्त्रिया आषाढ-श्रावणात शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंगी, कर्टोली घेऊन शहरात येतात. टाकळा म्हणजे आपला चक्रमर्द. भारंगी तर श्वासकासाच्या चिकित्सेत आपण नित्य वापरतो. शेवळे नुसते शिजविल्यास घशाला खाज सुटते, म्हणून त्याबरोबर काकडाची आंबट फळे घालावीत, हे विकणारी स्त्री न विचारताच सांगते. भारंगीचा पाला उकडून, पिळून, मग तेलावर परतावा, हेही तीच सांगते. शाक शिजवून, त्याचा रस पिळून, भरपूर स्नेहासह सेवन करावे ही संहितेची आज्ञा तिने वाचलेली नाही. परंतु करण व संयोग तिच्या हाती आहेत. गुराखी, मेंढपाळ व वनवासी यांना औषधींची नावे व रूपे ठाऊक असतात, असे चरकांनी म्हटले आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांची द्रव्यगुणाची एखादी सहल अशा बाजारात अवश्य न्यावी. वर्षा ऋतूत अग्नी मंद असतो, तेव्हा मात्रा बेताची सांगावी, इतकेच.

‘ताजे ते उत्तम’ हा नियमही सरसकट लावता येत नाही. धान्य एक वर्ष जुने झालेले प्रशस्त. नवे ते गुरू. म्हणून नव्या तांदळाचा वाटा घेतलेल्या रुग्णास तो साठवून ठेवण्याचा सल्ला द्यावा. तसेच हिंग, केशर, कुटकी ही द्रव्ये दूरच्या प्रदेशांतूनच येत आली आहेत. स्थानिकतेच्या अभिमानाने त्यांना पर्याय शोधण्याचे कारण नाही.

औषधी निर्मात्यांसाठी हा विषय अधिक निकडीचा आहे. शार्ङ्गधरांनी वासा, गुडूची, कुटज, कूष्मांड, शतावरी, अश्वगंधा, सहचर, शतपुष्पा व प्रसारणी ही नऊ द्रव्ये सदैव आर्द्र घ्यावीत असे सांगितले. बाजारातील वाळलेल्या गुळवेलीच्या पोत्यावर ना तोडीची तारीख असते, ना मूळ वृक्षाचे नाव. गुडूचीसत्त्वाचा उतारा कमी आला, की आपण कामगारास दोष देतो! च्यवनप्राशाच्या मूळ पाठात आवळे वजनाने नव्हे, तर संख्येने, पाचशे सांगितले आहेत; एका लहान बागेचा हंगामी वाटा घेणाऱ्या फार्मसीला त्यांची निवड झाडाखाली उभे राहून करता येते. शेड्यूल ‘टी’ प्रमाणे कच्च्या मालाची नोंदवही आपणास ठेवावीच लागते. शेत ठाऊक असेल तर त्या नोंदीस अर्थ येतो.

येथे एक धोका आहे. वैद्याने शेतकऱ्याची टोपली दवाखान्यात ठेवून त्यावर दलाली घेतली, तर पथ्यसल्ल्यावरील रुग्णाचा विश्वास उडेल. दवाखाना हे टोपली उतरविण्याचे ठिकाण असावे, हिशेब शेतकरी व कुटुंबे यांच्यातच राहावा. सेंद्रियतेच्या दाव्याबाबतही सावध असावे. 2017 च्या नियमांत थेट ग्राहकास विकणाऱ्या लहान उत्पादकास प्रमाणपत्रातून सूट आहे. म्हणजेच खात्री करण्याचे काम घेणाऱ्याकडे आले. वर्षातून दोनदा शेतावर जावे, फवारणीची वही पाहावी.

करार साधा व लेखी असावा : द्रव्य, क्षेत्र, तोडीची अवस्था, आगाऊ रक्कम आणि नुकसानीत कोणाचा वाटा किती. आरंभ दोन-तीन फार्मसींनी मिळून एका शेतकऱ्यापासून करावा. अडुळसा यासाठी सोयीचा आहे. तो कलमांनी लागतो, जनावरे त्याला तोंड लावीत नाहीत, आणि बांधावर कुंपण म्हणून लावल्यास मुख्य पिकाची जागाही अडत नाही.