आधी थांबते का ते बघा, मग पळते का ते

मी बोईसरला गॅरेज चालवतो. पाना हातात धरून पंचवीस वर्षं झाली, माईकसमोर मात्र पहिल्यांदाच बसलोय. केंद्रातल्या ताई म्हणाल्या, बचत गट आता गाड्या घ्यायला लागलेत, जुनी गाडी कशी पारखायची ते सांगा. म्हणून आलो.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर एका गटाच्या चौघी माझ्याकडे आल्या. वाडीतले चिकू आणि भाजी रोज बोईसरच्या बाजारात आणायची, टेम्पोच्या भाड्यातच नफा जातो, म्हणून जुनी व्हॅन घ्यायचं ठरलं होतं. सहा वर्षांची बचत आणि वर बँकेचं कर्ज. पाच हजार बयाणा देऊन झाला होता. गाडी दारात उभी. पांढरीशुभ्र, सीटकव्हर नवे, गाण्यांचा टेप नवा. अध्यक्षाताई म्हणाल्या, "भाऊ, जरा इंजिनाचा आवाज ऐका." मी म्हटलं, "ताई, इंजिन शेवटी. आधी गाडी थांबते का ते बघू."

असं का? इंजिन बिघडलं तर गाडी रस्त्यात उभी राहते आणि पैसे जातात. ब्रेक गेला तर माणूस जातो.

ब्रेक बघायची एक सोपी रीत आहे. गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवा, ब्रेकचं पेडल पायाने दाबून धरा आणि तीसपर्यंत आकडे मोजा. पेडल हळूहळू खाली जात राहिलं तर समजा, ब्रेक ऑईल कुठेतरी गळतंय किंवा आतले रबर गेलेत. मग मोकळ्या रस्त्यावर हळू चालवून ब्रेक मारा. गाडी एका बाजूला ओढली तर चाकांचे ब्रेक सारखे लागत नाहीत. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर अशी गाडी गर्रकन फिरते.

टायर तर तुम्ही स्वतः बघू शकता. खाचांच्या तळाशी छोटे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की बदलायचाच. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. 2319 असेल तर तो 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी चांगली दिसली तरी रबर जुनं झालं की त्याला चिरा पडतात आणि उन्हात तो फुटू शकतो.

त्या व्हॅनचे ब्रेक ठीक होते, टायर बरे होते. मग मी मागची मॅट उचलली. खालचा पत्रा गंजून चाळण झालेला. बोट दाबलं तर आत गेलं. ही गाडी आधी मासळी वाहत होती. क्रेटमधून गळणारं खारं पाणी मॅटखाली साचतं आणि पत्रा खातं. सातपाटी, चिंचणी, डहाणू, आपली सगळी किनारपट्टी खाऱ्या हवेची. म्हणून आपल्याकडे जुनी गाडी बघताना वरचा रंग नाही, खालचा पत्रा बघायचा. मॅट उचला, खाली वाकून टॉर्च मारा. घरात मासळीची गाडी असेल तर रोज गोड्या पाण्याने आतून-खालून धुवा आणि सुकवा.

गंज म्हणजे फक्त दिसायला वाईट असं नाही. सीटचे आणि सीटबेल्टचे बोल्ट त्याच पत्र्यात आणि सांगाड्यात बसवलेले असतात. पत्राच गेला तर बेल्ट कशाला धरून राहणार? आणि त्या व्हॅनचे मागचे बेल्ट तर नव्या सीटकव्हरखाली दाबून टाकलेले होते. चौघींतली एक म्हणाली, "मागे कोण बेल्ट लावतं भाऊ?"

तेव्हा मी त्यांना चारोटीची आठवण करून दिली. 4 सप्टेंबर 2022, रविवारची दुपार. आपल्याच जिल्ह्यात, मुंबई-अहमदाबाद हायवेवर, सूर्या नदीच्या पुलावर एक गाडी कठड्यावर आदळली. उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी बसलेले त्यांचे मित्र जागीच गेले. दोघे मागच्या सीटवर होते आणि दोघांनीही बेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. पुढच्या दोघांना जबर मार लागला, पण ते वाचले. गाडी परदेशी कंपनीची, महागडी. पण बेल्ट लावला नाही तर लाखाची गाडी काय आणि करोडाची काय.

एसटीने जोरात ब्रेक मारला की आपण पुढे ढकलले जातो ना, तसंच हे. गाडी साठच्या वेगात असते तेव्हा आपलं शरीरही साठच्या वेगात असतं. गाडी आदळून थांबते, शरीर थांबत नाही. मागचा माणूस पुढच्याच्या पाठीवर जाऊन आदळतो. मागे बेल्ट न लावल्यास कायद्याने हजार रुपये दंड आहे, पण दंडाची भीती सोडा, लेकरांकडे बघा. लहान मुलाला मांडीवर घेऊन पुढे बसू नका. आणि मागे माल असेल तर क्रेट दोरीने करकचून बांधा. सुटा क्रेटही तसाच उडून येतो.

आता इंजिन. ते थंड असताना सुरू करून बघा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. सायलेन्सरमधून निळा धूर आला तर इंजिन ऑईल जाळतंय. काळा धूर आला तर इंधन जास्त खातंय. ऑईलची पट्टी काढून बघा. ऑईल दुधाळ चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय, ती गाडी सोडून द्या.

मग रोजचा खर्च. विकणारा सांगेल, पंधराचं ॲव्हरेज देते. आपण मोजायचं. टाकी फुल करा, किलोमीटर लिहून ठेवा, आठवडाभर चालवा, पुन्हा फुल करा. जितके किलोमीटर झाले त्याला दुसऱ्यांदा लागलेल्या लिटरने भागा. समजा महिन्याला 1,500 किलोमीटर होतात. पंधराचं ॲव्हरेज असेल तर 100 लिटर लागतील, बाराचं असेल तर 125. लिटरला शंभर रुपये धरले तर महिन्याला 2,500 रुपयांचा फरक. ॲव्हरेज कमी होण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. टायरमध्ये हवा कमी, एअर फिल्टर धुळीने भरलेला, ब्रेक चाकाला घासत राहणं, नाहीतर क्षमतेपेक्षा जास्त माल.

सीएनजी स्वस्त पडतो हे खरं. पण गाडीत गॅसचं किट असेल तर आरसीवर त्याची नोंद हवी आणि दर तीन वर्षांनी टाकीची तपासणी हवी. घरगुती सिलेंडरचा गॅस गाडीत कधीही भरू देऊ नका. तो बेकायदा आहे आणि गळला तर खाली साचून पेट घेतो.

शेवटी कागद. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवा. कर्ज बाकी असेल तर फायनान्स कंपनीची एनओसी मागा. विमा चालू आहे का बघा. पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाडीत धंद्याचा माल नेला आणि अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. म्हणून धंद्याची गाडी धंद्याच्याच पाटीची घ्या.

त्या चौघींनी ती व्हॅन सोडली. बयाण्याचे पाच हजार बुडाले. जाताना चेहरे उतरले होते. तीन महिन्यांनी दुसरी गाडी घेऊन आल्या. रंग उडालेला, टेप नाही, पण पत्रा शाबूत आणि चारही बेल्ट जागेवर. आता त्यांच्या गाडीत एक वही असते. किती भरलं, किती चाललं, ऑईल कधी बदललं, सगळं त्यात.

ताईंनो, बयाणा देण्याआधी मेकॅनिकला दाखवा, दिल्यानंतर नाही. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं एक ठरवून टाका.