यंत्राचा ज्वर

गेल्या वैशाखांत कुंडलच्या आमच्या घरीं एक लहानसा वाद झाला. पुतण्याचा लॅपटॉप सकाळीं झरझर चाले, दुपारीं पत्र्याखालच्या खोलींत तोच अडखळूं लागे. "काका, हा आतां जुना झाला, नवाच घ्यावा लागेल," असें त्यानें जाहीर केलें. वहिनींनीं मुकाट्यानें हिशेबाची वही काढली. परीक्षा महिन्यावर आली होती.

मूल मलूल दिसलें म्हणजे आपण आधीं त्याच्या कपाळास हात लावतों. यंत्राच्या बाबतींत मात्र तेवढाही विवेक करीत नाहीं. वस्तुतः प्रोसेसरच्या पोटांतच सूक्ष्म तापमापक बसविलेले असतात. उष्णतामान निर्मात्यानें ठरविलेल्या मर्यादेस पोंचलें (पुष्कळ प्रोसेसरांत ती ९५ ते १०० अंश सेल्सिअस असते), कीं प्रोसेसर आपण होऊन वेग व विद्युद्दाब उतरवितो. उष्णता वेगाच्या प्रमाणांत वाढते, परंतु दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत. म्हणून दोन्ही थोडे उतरले तरी ज्वर झपाट्यानें ओसरतो. तेवढ्यानेंही न भागल्यास यंत्र बंद पडतें. वेग आवरण्याची ही सोय २००० सालीं निघालेल्या पेंटियम ४ मध्येंही होती.

कुंडलकरांस हें नवल वाटूं नये. शेजारीं किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० पासूनचा. इंजिनांतील पाणी आटलें असतां तें चालवूं नये, हें येथील शेतकऱ्यास पक्कें ठाऊक. पुण्याच्या आयसर संस्थेंत २०१९ सालीं बसविलेल्या 'परम ब्रह्म' महासंगणकांतही प्रोसेसरालगत द्रव खेळवूनच उष्णता काढून नेतात.

आम्हीं उष्णतामान व वेग एकत्र दाखविणारा एक प्रोग्रॅम चालू करून, दर पांच मिनिटांनीं दोन्ही आंकडे वहींत टिपले. एकट्या उष्णतामानावरून निदान होत नाहीं. तें मर्यादेस टेकतांच वेग घसरला, तर दोष उष्णतेचा; यंत्र थंड असूनही वेग घसरला, तर विजेच्या पुरवठ्याकडे वा अन्यत्र पाहावें. क्षणभराचा शिखरवेग उतरून नेहमींच्या वेगावर आला, तर घाबरण्याचें कारण नाहीं. आमच्या वहींत मात्र दुपारीं आंकडा शंभरीस टेकला होता आणि वेग निम्म्यावर! खोलींतील हवा दहा अंश तापली, कीं प्रोसेसरही साधारण तितकाच वर चढतो. सकाळ-दुपारचें कोडें असें सुटलें.

उरलेलें कारण तर हास्यास्पद. चिरंजीव गादीवर बसून अभ्यास करीत, आणि गादीनें यंत्राच्या तळाचीं छिद्रें बुजविलीं होतीं. आंत धुळीचा थर. यंत्र बंद करून, पंख्याचीं पातीं फिरूं न देतां धूळ उडविली व तें लाकडी पाटावर ठेविलें. दुसऱ्या दिवशीं त्याच वेळीं ८१ अंश!

वहिनी आपला पाट परत मागत आहेत. तो अद्याप मिळालेला नाहीं.