छत्तीस मीटरच्या आत

मुंबईत वाकोल्यातल्या एखाद्या उंच गच्चीवरून विमानतळाची मुख्य धावपट्टी उत्तरेला येते. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून विमानं समुद्राकडे तोंड करून उडतात आणि वाकोलेकरांना त्यांची डावी बाजू आयती बघायला मिळते.

रंगावरून विमान ओळखायला गेलात तर फसाल. एअर इंडिया एक्स्प्रेसकडे बोइंग ७३७ आहेत आणि एअरबस ए३२०सुद्धा. त्यापेक्षा शेपटी बघा. ७३७चा उभा पंख पाठीला टेकतो तिथे पुढच्या बाजूला एक तिरकी पायरी असते. ए३२०चा पंख सरळ खाली उतरतो. जुहूकडे, विमान डोक्यावरून जातं तिथे, खूण आणखी सोपी. चाकं आत घेतल्यावरही ७३७च्या पोटावर दोन काळ्या चकत्या दिसत राहतात, कारण मुख्य चाकं पूर्ण झाकणारी दारंच तिला नाहीत. १९६७ साली पहिल्यांदा उडालेल्या या विमानाची ही खोड ७३७ मॅक्स या नव्या पिढीपर्यंत टिकली आहे.

खरी गंमत मात्र पंखांच्या टोकांत आहे. आकासा एअरच्या ७३७ मॅक्सचं टोक दुभंगलेलं असतं, एक पातं वर, एक खाली. इंडिगोच्या ए३२०निओचं एकच, वर वळलेलं, माणसापेक्षा उंच. पंखाखाली हवेचा दाब जास्त, वर कमी. त्यामुळे टोकापाशी खालची हवा वर वळते, भोवरा तयार होतो आणि तो इंधन खातो. पंख लांब केला तर हा तोटा घटतो. मग लांबच का करत नाहीत? कारण विमानतळावर विमानांचे पंखविस्तारानुसार गट असतात आणि या गटातल्या जागा ३६ मीटरपेक्षा कमी रुंदीच्या विमानांसाठी आखलेल्या असतात. ए३२०निओ ३५.८ मीटर, मॅक्स ३५.९२! आडवी जागा संपली की मुंबईकर मजले चढवतो, तसंच हे. नासाच्या रिचर्ड व्हिटकॉम्ब यांनी १९७०च्या दशकात या उभ्या टोकांचा फायदा प्रयोगांनी दाखवून दिला.

बोइंग ७८७ला असं उभं टोक नाही, तिचा पंख टोकाकडे नुसता मागे निमुळता होत जातो. तिच्या गटाची मर्यादा ६५ मीटर आणि पंखविस्तार साधारण ६०, म्हणजे ऐसपैस कारभार. नव्या ७७७एक्सला तेवढंही पुरलं नाही. तिच्या पंखांची टोकं घडी होतात : हवेत ७१.८ मीटर, जमिनीवर ६४.८.