‘ताली’ म्हणजे माहितीपट नव्हे

‘ताली’ पाहून झाली की अनेकांना वाटतं, तृतीयपंथीयांवरचा माहितीपट पाहिला. ऑगस्ट 2023 मध्ये आलेली रवी जाधव यांची ही मालिका तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत यांच्या आयुष्यावर बेतलेली आहे, हे खरं. पण पडद्यावर सुश्मिता सेन आहेत, संवाद लेखकाचे आहेत आणि प्रसंग रचलेले. 2017 च्या विक्सच्या फिल्ममध्ये खुद्द गौरी सावंत दिसल्या, तरी नीरज घेवान यांनी केलेली ती जाहिरातच. ‘नटरंग’ चित्रपटाबद्दलचा घोळ आणखी मोठा. त्यातला गुणा तृतीयपंथी नाहीच. तमाशासाठी नाच्या झालेला तो पहिलवानी अंगाचा मजूर आहे. ‘जोगवा’तल्या तायप्पाला तर मर्जीविरुद्ध जोगत्या केलं जातं.

मग माहितीपट तरी निखळ सत्य असतो का? कॅमेरा लावला आणि समोरचं टिपलं, ही समजूत फार खोल रुजली आहे. तिला सगळ्यात चांगलं उत्तर न्यूयॉर्कच्या ‘पॅरिस इज बर्निंग’ने दिलं. 1990 च्या या माहितीपटात कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी व ट्रान्स माणसांच्या ‘बॉल’ स्पर्धा आहेत आणि घरातून हाकललेल्या पोरांना आसरा देणारी ‘हाउस’ही. प्रत्येक हाउसला एक ‘मदर’. आपल्याकडची तृतीयपंथीयांची गुरू-चेल्यांची घराणी ठाऊक असलेल्याला हे परकं वाटणार नाही. सनडान्स महोत्सवात चित्रपटाला मोठं पारितोषिक मिळालं, तो थिएटरातही चालला. पण दिग्दर्शक जेनी लिव्हिंगस्टन श्वेतवर्णीय आणि त्या जगाबाहेरच्या. काय दाखवायचं, कशावर कात्री चालवायची, हे ठरवणारी नजर कुणाची, असा सवाल कृष्णवर्णीय लेखिका बेल हुक्स यांनी केला. पडद्यावर झळकलेल्यांनीही कमाईत वाटा मागितला. संमतिपत्रांवर सह्या झालेल्या असल्याने कायदा त्यांच्या बाजूने नव्हता. शेवटी सुमारे 55 हजार डॉलर 13 जणांत वाटले गेले. सहानुभूती दाखवली म्हणजे न्याय झाला, असं नसतं!

यावरून असे चित्रपट बाहेरचेच लोक करतात, असाही समज होतो. तोही चुकीचा. ‘टंग्ज अनटाइड’ (1989) करणारे मार्लन रिग्ज स्वतः कृष्णवर्णीय आणि समलिंगी होते. ‘कोकोमो सिटी’ (2023) ही देहविक्रय करणाऱ्या चार कृष्णवर्णीय ट्रान्स स्त्रियांची गोष्ट, दिग्दर्शिका डी. स्मिथ स्वतः कृष्णवर्णीय ट्रान्स स्त्री. म्हणूनच बहुधा त्यात रडगाणं कमी आणि खो-खो हसणं, फटकळ बोलणं जास्त. मुंबईत श्रीधर रंगायन यांनी ‘ब्रेकिंग फ्री’ (2015) केला तो स्वतःचा प्रवास सांगत. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 ने माणसांचं काय केलं, हा त्याचा विषय. त्याला संकलनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रंगायन यांचाच ‘कशिश’ चित्रपट महोत्सव मुंबईत 2010 पासून भरतो आहे.

राहिला शेवटचा समज: तृतीयपंथी असणं म्हणजे शहरांचं फॅड. ब्रिटिशांनी 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात हिजड्यांची नोंदणी सक्तीची केली, तेव्हा कुठलं फॅड होतं? 2011 च्या जनगणनेत स्त्री-पुरुषांखेरीज ‘इतर’ अशी नोंद देशात 4 लाख 87 हजारांवर गेली. महाराष्ट्रात ती 40,891 होती. देशातल्या या माणसांपैकी जवळपास दोन-तृतीयांश खेड्यांत राहणारी.

आणि कॅमेरे? ते बहुतेकदा शहरातच. ‘बॉम्बे युनक’ (2001) मुंबईचा, ‘बिटवीन द लाइन्स’ (2005) मुंबईचाच, आणि दोन्ही परदेशी दिग्दर्शकांचे. यवतमाळ जिल्ह्यातलं, तेलंगणाच्या सीमेलगतचं, कोळसा नि सिमेंटचं मुकुटबन अशा चौकटीत सहसा येत नाही. मोबाइल मात्र आता तिथेही हातोहाती आहे. झरी जामणी किंवा वणीकडच्या कुणा पोराला असा माहितीपट करावासा वाटला, तर मुंबईची गाडी पकडायची गरज नाही. फक्त ज्याची गोष्ट आहे त्याला आधी विचारावं, आणि संकलनाच्या वेळी शेजारी बसवावं.